सूप, टोपली आणि साठ वर्षे

वाचकहो, तुमच्या घरात बांबूचे सूप असेल तर ते एकदा उलटे करून पाहा. काही पात्या चकचकीत दिसतील, काही पांढुरक्या आणि मऊ. चकचकीत पाती बांबूच्या सालीकडची, पांढुरकी पाती पोटाकडची. सालीची पाती जास्त असेल तर ते सूप चार-पाच हंगाम सहज टिकेल. पोटाची जास्त असेल तर पुढच्या वर्षी त्याची धार झिजेल. सूप विकत घेताना बायाबापड्या काठावर टिचकी मारून पाहतात, पण पाठ फार थोड्या जणी पाहतात. तुम्हाला हे सांगण्याचा अधिकार मला एवढ्यासाठीच की, साठ वर्षे मी दुसरे काही केले नाही. मी जातीने आणि धंद्याने बुरूड. गाव मूल तालुक्यात, जंगलाच्या कडेला.

मी हातात सुरी धरली तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधी सिरोंच्यापासून नागभीडपर्यंत सगळा एकच चांदा. आमच्या घरी माणसे बांबू फोडत आणि बाया विणत. दहा-बारा वर्षांच्या पोराला पहिले काम मिळे ते कामट्या तासण्याचे. बोटे चिरली की आई हळद लावी आणि पुन्हा बसवी. विणायला बसायचे ते पुढे, हात तयार झाल्यावर.

पण बाबांनी मला सर्वांत आधी शिकवले ते विणणे नव्हे, बांबू ओळखणे. आपल्याकडे मुख्य जाती दोन. मानवेल बारीक आणि जवळजवळ भरीव, काठीला, शिडीला, छपराला चांगला. कटांग जाड, पोकळ आणि काटेरी. एकाच बेटात या वर्षीचा, गेल्या वर्षीचा आणि तीन वर्षांचा बांबू शेजारी शेजारी उभा असतो. या वर्षीच्या बांबूच्या पेरांना सालपटे चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरी भुकटी असते. त्याला हात लावायचा नाही. जरा मुरलेला पण हिरवा बांबू विणकामाला लागतो, कारण तोच न तुटता फाटतो. अंगावर डाग पडलेला, पिवळसर झालेला बांबू आढ्याला आणि मांडवाला. बाबा म्हणत, "बेट म्हणजे घर हाय गा. लहानाले मारू नको, म्हाताऱ्याले ठेवू नको."

त्या काळी आमचे गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच, शेतकरी. धानाचा हंगाम जवळ आला की ढोल्या लागत, डाले लागत, सुपे लागत. मोहफुलांच्या दिवसांत वेचणीच्या टोपल्या. उन्हाळ्यात कुडाचे तट्टे, बंडीचे तट्टे. लग्नसराईत परड्या आणि दुरड्या. पैसा फार कमी फिरे. आमच्या गावात टोपलीचा भाव म्हणजे टोपलीत मावेल तेवढे धान, असा साधा हिशेब होता. सुपात बाळ निजे आणि तिरडीचा बांबूही आमच्याच अंगणातून जाई. त्याचे पैसे बाबांनी कधी घेतले नाहीत.

या धंद्यात माझ्या डोळ्यांदेखत तीन बदल झाले. ते सांगतो, कारण त्यांत तुमचाही हात आहे आणि पुढे काय व्हायचे तेही थोडेफार तुमच्याच हातात आहे.

पहिला बदल बांबूचा. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते, पण कायद्याच्या पुस्तकात तो झाड. त्यामुळे तोडायला परवानगी, वाहायला परवाना. पुढे बल्लारपूरला कागद गिरणी झाली आणि मोठ्या प्रमाणावर बांबू कागदासाठी जाऊ लागला. कागदही हवाच. माझ्या नातीची पुस्तके त्याचीच. पण एकाच बेटावर गिरणी आणि बुरूड दोघांची नजर असली की लहानाचा वाटा मागे पडतो. नोंद झालेल्या बुरडांना आगारातून सवलतीने बांबू देण्याची पद्धत होती. अडचण अशी की गिरणीला वाळलेला बांबू चालतो, आम्हाला हिरवाच लागतो. एका वर्षी आम्हाला मिळालेला बांबू आगारात इतके दिवस पडून होता की सुरी लावताच तो कडाकड तुटू लागला. चार दिवस तळ्यात बुडवून ठेवला, तरी पाती निघेना. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ घर सोडून वीटभट्टीवर गेला. तो या धंद्यात परत आला नाही. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

दुसरा बदल तुमच्या खळ्यावर झाला. मळणीयंत्र आले, मग उपणणी कमी झाली. धान खळ्यावरूनच पोत्यात भरून खरेदी केंद्रावर जाऊ लागले, मग ढोलीची गरज उरली नाही. त्यानंतर प्लास्टिकची घमेली, टोपल्या आणि सुपेही बाजारात आली. एका शेतकरी बाईने मला तोंडावर सांगितले, "भाऊ, तुमची टोपली पाण्यात सडते, हे सडत नाही. रागावू नोका." मी रागावलो नाही. तिचे म्हणणे खरे होते. शेण काढायला, सिमेंट कालवायला प्लास्टिकचे घमेले बरे, हे मीही मानतो. माझ्या घरीसुद्धा आहे.

पण सुपाची गोष्ट वेगळी. बांबूच्या विणीला बारीक खरखर असते. पाखडताना दाणा त्या विणीवर अडतो आणि कोंडा वाऱ्यावर जातो. प्लास्टिक गुळगुळीत, तिथे दाणा आणि कोंडा दोन्ही एकदमच घसरतात. म्हणून पाहा, घरात दहा प्लास्टिकच्या वस्तू असल्या तरी तांदूळ पाखडायला म्हातारी बांबूचेच सूप शोधते. भाजी, कोंबडीची पिले, मासळी यांनाही वारा खेळणारी टोपलीच बरी. सांगायचा मुद्दा असा की, आमची वस्तू सगळीकडून गेली नाही. जिथे तिचे काम दुसऱ्याला जमत नाही, तिथे ती टिकून आहे.

तिसरा बदल गेल्या पंधरा-वीस वर्षांतला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतुकीच्या परवान्यासाठी त्यांना झगडावे लागले. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि गावाने आपला बांबू आपण विकला. त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा त्या वाटेने गेल्या. पुढे २०१७ मध्ये कायद्यातली झाडाची व्याख्याच बदलली. जंगलाबाहेर, आपल्या शेतात लावलेला बांबू आता कायद्याने झाड नाही.

त्याच सुमारास वस्तूही बदलल्या. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्राच्या राख्या शहरात नावाजल्या गेल्या. आमच्या चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र झाले. उदबत्तीच्या काड्या चीन आणि व्हिएतनाममधून येत. २०२० मध्ये सरकारने त्यांवरची जकात १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर नेली, तेव्हा इकडच्या काडीला थोडा भाव आला. ताडोब्याला वाघ पाहायला येणारा पाहुणा जाताना बांबूचा दिवा किंवा पेनदाणी नेतो. त्याला सूप नको असते.

माझी नात अशा वस्तू करायला शिकली आहे. दिव्याची झाकणे, डबे, कानातली. तिची मापे मिलिमीटरात असतात. मी डोळ्याने मापतो, ती पट्टीने. एक दिवस मी तिला म्हणालो, "बाई, सूप तरी शिकून घे." ती म्हणाली, "आबाजी, एका दिव्यात तुमच्या चार सुपांचे पैसे मिळतात. सूप शिकून मी काय करू?" तिच्या हिशेबात चूक नव्हती. मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मी जेवलो पण बोललो नाही.

पावसाळ्यात तिने शहरात पाठवलेले डबे परत आले. प्रत्येक डब्याला बारीक भोके आणि खाली पिवळट पीठ. भुंगा लागला होता. व्यापाऱ्याने पैसे कापले. पोर रडवेली झाली. मी उरलेला बांबू पाहिला आणि विचारले, तोडला कधी? तर उन्हाळा संपता संपता, कोंब फुटण्याच्या तोंडावर. त्या दिवसांत बांबूच्या अंगात गोडी भरलेली असते, आणि भुंग्याला तीच हवी असते. पावसाळा सरल्यावर थंडीत तोडलेला बांबू, तोही दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात ठेवून सावलीत वाळवलेला, इतक्या सहजी लागत नाही. आमच्याकडे हे तोंडी चालत आले. नातीने सांगितले की, ही गोडी म्हणजे पिष्ट, आणि टाकणखार व बोरिक आम्लाच्या पाण्यात बांबू भिजवला तर भुंगा आणखी दूर राहतो. ते मला माहीत नव्हते. आता आम्ही दोन्ही करतो. तोडीचा महिना मी ठरवतो, औषधाचे माप ती ठरवते.

त्यानंतर ती सूप शिकायला बसली. विकण्यासाठी नव्हे. तिने वहीत प्रत्येक पातीची रुंदी लिहून घेतली आणि विणीचे चित्र काढले. ढोलीचे मात्र अजून राहिले आहे. आमच्या पंचक्रोशीत ढोली विणणारा आता मी एकटाच उरलो आहे. ढोली वहीतून शिकता येत नाही, तिच्या आत उभे राहून ती विणावी लागते, आणि माझे गुडघे आता फार वेळ उभे राहू देत नाहीत. कुणी मागितली तर यंदा एक करीन आणि नातीला आत उभी करीन, असे मनात आहे. मागणारा मिळाला पाहिजे.

तर शेतकरी बंधू-भगिनींनो, आता तुमच्याकडे तीन मागणी करतो.

पहिली, बांधावर किंवा नाल्याच्या काठावर बांबूची दहा-वीस रोपे लावा. दोन रोपांत पाच मीटर अंतर ठेवा. पहिली दोन-तीन वर्षे गुरे, रानडुकरे आणि रोही यांच्यापासून राखा. पाचव्या वर्षापासून थोडी थोडी तोड मिळू लागते. तोडताना बेट सपाट करू नका, या वर्षीचा बांबू राखा, आणि घाव जमिनीलगतच्या पेराच्या वर घाला, म्हणजे खोडात पाणी साचणार नाही. जंगलात बांबू आणायला गेलेली माणसे वाघाने मारल्याच्या बातम्या मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे आपण नेहमी ऐकतो. बांधावर बांबू असेल तर ती पायपीट तरी टळेल. मात्र फुलोऱ्याचे ध्यानात ठेवा. मानवेलाला कित्येक वर्षांनी, बहुधा एकदमच फुलोरा येतो, धानासारखे बी धरते आणि बेट वाळून जाते. तेव्हा घाबरू नका. वाळलेले काढा, बी राखा आणि त्याचीच रोपे करा.

दुसरी, सूप घ्याल तेव्हा पाठ पाहून घ्या. घरी नेल्यावर शेणाने सारवा, पावसात बाहेर ठेवू नका आणि चुलीच्या वर, धुरात टांगा. धूर लागलेल्या सुपाला किडा लवकर लागत नाही. दहा रुपये जास्त पडले तर पडू द्या, विणणाऱ्याशीच भाव करा.

तिसरी मागणी ज्यांच्या गावाला बांबूचा हक्क मिळाला आहे त्यांच्यासाठी, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. लिलावात बांबू गाडीने जातो, गावाला पैसा मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण लिलावाच्या आधी ग्रामसभेत एक ठराव करा. गावातला आणि शेजारगावचा बुरूड मोजा, त्याला वर्षाला किती हिरवा बांबू लागतो ते त्यालाच विचारा, आणि तेवढा बाजूला ठेवा. गाडीभर मालापुढे तो मूठभर असेल. माझा भाऊ वीटभट्टीवर गेला तो काम येत नव्हते म्हणून नव्हे, हाताला हिरवा बांबू नव्हता म्हणून. आता बेट तुमच्या ताब्यात आहे. पुढच्या सभेला जाल तेव्हा हा विषय आधी काढा, आणि बुरडाला सभेला बोलवायला विसरू नका.