छायाचित्रांची पाठचिकित्सा

मराठीत 'संपादन' हा शब्द ग्रंथालाही चालतो आणि छायाचित्रालाही. हे भाषेच्या काटकसरीतून घडले असेल, पण आमच्या ते फार उपयोगी पडले. छायाचित्रे सुधारण्यासाठी कोणती आज्ञावली घ्यावी हा प्रश्न घेऊन आम्ही ज्या ज्या जाणकारांकडे गेलो, त्यांनी आमच्यापुढे वैशिष्ट्यांचे तक्ते ठेवले. कोणती जलद, कोणती स्वस्त, कोणती आकाश निळे करते, कोणती त्वचा मऊ करते. त्या तक्त्यांत आमचे उत्तर नव्हते, कारण आमचा प्रश्न मुळात ग्रंथसंपादकाचा होता: मूळ प्रत कोठे राहते, आणि आपण तिच्यात केलेला फेरफार कोठे नोंदला जातो?

हौशी माणसाला असले प्रश्न पडू नयेत असा एक समज आहे. आमचे म्हणणे उलट आहे. व्यावसायिकाचे चित्र छापून झाले, पैसे मिळाले, काम संपले. हौशी माणसाचे काम संपतच नाही; शिवाय त्याच्यापाशी बहुधा एक ट्रंक असते. आमच्यापाशीही आहे. तिच्यात सुमारे चारशे कागदी फोटो, काही काचेसारख्या ठिसूळ झालेल्या निगेटिव्ह आणि एका काकांच्या हस्ताक्षरातली, अर्धवट सोडलेली नावांची यादी.

प्रथम अर्थातच फोटोशॉपचे नाव निघाले. नॉल बंधूंनी रचलेली आणि अडोबीने १९९० साली बाजारात आणलेली ही आज्ञावली आता क्रियापदच झाली आहे. कंपनीला हे पसंत नाही, आमचे नाव क्रियापद म्हणून वापरू नका अशी तिची लेखी विनंती आहे. पण 'जरा फोटोशॉप करून दे' हे वाक्य लग्नघरात कोणी थांबवू शकेल असे वाटत नाही. विसेक वर्षांपूर्वी आमच्या परिचयात फोटोशॉप वापरणारे पुष्कळ होते, विकत घेतलेला एकही नव्हता. पदपथावरची पन्नास रुपयांची तबकडी हा तेव्हाचा सर्वमान्य परवाना! २०१३ साली अडोबीने पेटीतून विकण्याची पद्धत सोडून भाडेपद्धत स्वीकारली. लाइटरूम ही तिची धाकटी बहीण (जन्म २००७) शेवटची एकरकमी विकली गेली ती २०१५ साली निघालेल्या आवृत्तीत. भाडे वाजवी आहे की नाही हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. आम्हांला टोचले ते एवढेच, की पणजोबांचा फोटो पणतूने पाहावा म्हणून चाललेला हा खटाटोप दरमहा भरायच्या रकमेवर अवलंबून राहणार.

भाड्याची भीती बाजूला ठेवली तरी मरणाची राहतेच. ॲपलची ॲपर्चर २००५ साली आली आणि दहा वर्षांत गेली. गूगलने २००४ साली घेतलेली पिकासा २०१६ साली बंद झाली. पिकासाविषयी मात्र आम्हांला आदर आहे. ती आपले फेरफार त्याच फोल्डरात एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवी. यादी अर्धवट सोडणाऱ्या आमच्या काकांनी उतारवयात पिकासात बसून चेहऱ्यांना नावे दिली होती. ते २०१४ साली गेले. पुढे आज्ञावलीही गेली, पण ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर आकड्यांच्या जंजाळात 'ताई (मिरजेची)', 'बापूंचा धाकटा' अशी नावे स्वच्छ वाचता येतात. निवडीची आमची पहिली कसोटी तेथेच ठरली: आज्ञावली मेल्यावर तिचे लिखाण वाचता आले पाहिजे.

आता थोडे तंत्राविषयी. या आज्ञावल्यांची ढोबळमानाने दोन कुळे आहेत. एक कूळ चित्राच्या कणाकणाला हात घालते: पुसते, रंगवते, डाग बुजवते. फोटोशॉप त्यातलेच, १९९६ साली प्रथम खुली झालेली चकटफू गिंपही त्यातलीच. दुसरे कूळ चित्राला हातच लावत नाही. उजेड इतका वाढवा, सावल्या इतक्या उचला, कड इतकी कापा, अशा सूचनांची नुसती यादी ठेवते आणि दर वेळी मूळ चित्रावरून नवे चित्र काढून दाखवते. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी ही त्या कुळातली. सीमा अलीकडे पुसट झाली आहे. फोटोशॉपमध्ये बदल वेगळ्या थरावर ठेवण्याची सोय फार पूर्वीपासून आहे, आणि २०२५ साली आलेल्या गिंपच्या तिसऱ्या आवृत्तीत फिल्टरही मूळ चित्र न बिघडवता लावता येतात. तरी स्वभाव तो स्वभाव.

वाचकांपैकी ज्यांनी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाताळली असेल त्यांना दुसरे कूळ ओळखीचे वाटेल. सुकथनकरांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या खंडात (तो १९३३ साली पुरा झाला) वर संपादकाने स्वीकारलेला पाठ आणि खाली, कधी कधी अर्ध्याहून अधिक पान व्यापून, नाकारलेले पाठभेद. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर त्याने तळटीप वाचून आपला निर्णय करावा. ग्रंथातले 'अशुद्ध' खोडून वर 'शुद्ध' लिहिणारा शास्त्री आणि हा संपादक यांत जे अंतर, तेच या दोन कुळांत आहे.

शेवटी डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन चकटफू आज्ञावल्यांत आमची निवड अडकली. डार्कटेबल अधिक सामर्थ्यवान, यात वाद नाही. दोघीही चित्राशेजारी वेगळी फाईल ठेवतात. मात्र डार्कटेबलच्या फायलीत नेमके आकडे सांकेतिक रूपात असतात, तर रॉथेरपीची फाईल सरळ वाचता येते: बाबीचे नाव, बरोबरचे चिन्ह, आकडा. काकांच्या नावांनी शिकवलेला धडा ताजा होता. आम्ही रॉथेरपी घेतली, आणि भेगा-ओरखडे बुजवायला जोडीला गिंप.

या निवडीची परीक्षा पाहिली आमच्या आत्याने. आत्या आज ८२ वर्षांची आहे. ट्रंकेत तिचा १९६२ सालचा स्टुडिओतला फोटो निघाला, सहा बाय चार इंचांचा, गालावरून आडवी भेग गेलेला. तो आम्ही ६०० डीपीआयने, १६ बिटांत स्कॅन केला. सतरा मेगाबाइटांची एक करडी फाईल झाली. भेग बुजवून आम्ही तिला तो कौतुकाने दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "भेग होती ते बरं होतं रे. हा फोटो स्थळांना पाठवायला काढला होता. मी एवढी गोरी कधी होते? या फोटोनं मला तीन ठिकाणी खोटं पाडलं. माणसं बघायला यायची आणि फोटोकडे बघून एकमेकांकडे बघायची. तुझ्या त्या यंत्रात माझा रंग लावता येत असेल तर लाव."

गोरे करण्याची कला संगणकाने आणली असे समजणाऱ्यांनी जुन्या स्टुडिओंची आठवण ठेवावी. तोंडाला पावडर, समोर प्रखर दिवे, आणि मग निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीचे बारीक काम. निगेटिव्हवर जेथे शिसे बसते तेथून उजेड कमी जातो आणि छापलेल्या कागदावर ती जागा पांढरी उमटते. डोळ्यांखालची काळी वर्तुळे, सुरकुत्या, कपाळावरचा व्रण, सारे असे जाई. तेथे तळटीप नव्हती. मूळ पाठ शिशाखाली गाडला गेला, आणि आत्याची निगेटिव्ह तर आता कोठेच नाही.

आम्ही प्रयत्न केला. रॉथेरपीत उजेड उतरवला, मधल्या छटांचा वक्र खाली ओढला. पदर काळवंडला, भिंत काळवंडली, गाल मात्र चुन्यासारखा सपाट राहिला. जेथे छटाच नाहीत तेथे वक्र काय ओढणार? मग एका स्नेह्याच्या आग्रहावरून तो फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका सेवेला दिला. तिने क्षणात सावळी, तरतरीत, पापणीन् पापणी मोजता येईल अशी तरुणी काढून दिली. आत्याने चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "ही कोण?" आम्ही ते चित्र पुसून टाकले. रॉथेरपीतले तीन प्रयत्न तीन पाठ म्हणून ठेवले आहेत. भेगेसह मूळ स्कॅन जसाच्या तसा आहे.

ट्रंकेच्या तळाशी नंतर आणखी एक फोटो मिळाला. १९६६ सालच्या कोणाच्या तरी मुंजीतला, अग्फा क्लिक थ्री या बाळबोध कॅमेऱ्याने घेतलेला, सहा सेंटिमीटरांचा चौकोन. दुपारचे ऊन, आत्या पंगतीत वाढते आहे, हात हललेला आहे. चेहरा तसा अस्पष्ट, पण रंग तिचा. "हा मोठा कर," ती म्हणाली. गिंपमध्ये दोन ओरखडे काढले, त्यांची नोंद वहीत केली आणि आठ इंची चौकोनी कागदावर तो छापून घेतला. तो आता तिच्या खोलीत आहे. ट्रंकेतले सत्तर सालानंतरचे रंगीत फोटो अजून उघडायचे आहेत. ते सारे तांबूस पडले आहेत आणि त्यांचा मूळ रंग कोणता होता यावर घरात आताच दोन तट झाले आहेत.