दारावरचं देणं

लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा सण म्हणजे खरेदी, एवढंच मला ठाऊक होतं. माहेरी पुण्यात दसऱ्याचा हार मंडईतून यायचा. तो कोणी ओवला, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. इथे भाड्याच्या दोन खोल्या, घरात एकट्याचा पगार, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी चढलेला झेंडूचा भाव. दार मोकळंच राहणार म्हणून मी हिरमुसून बसले होते. शेजारच्या जिजीच्या ते लक्षात आलं. "पोरी, बजारनी वाट काब्र देखस? जे शे तेच बांध," एवढं बोलून ती आपल्या कामाला लागली.

जिजी मिरचीच्या पथारीवर रोजंदारीनं जायची. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध. हंगामात गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर ती वाळत पडते आणि बायका दिवसभर देठ खुडत बसतात. संध्याकाळी हात आगीसारखे होतात. जिजी घरी आली की आधी हातांना तेल चोळायची, मग पाण्याचा तांब्या उचलायची. अशा हातांना फुलं ओवायचा उत्साह कुठून येत असेल, असं मला वाटायचं. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

त्या संध्याकाळी तिनं मला तोरण बांधायला शिकवलं. दाराच्या रुंदीएवढी दोरी, दोन्ही टोकांना वीतभर जास्त, कारण मध्ये थोडा झोल हवा. दोरी विकतची नाही. शहाद्याकडे केळीच्या बागा पुष्कळ. तिकडून येणाऱ्या कुणाकडून तरी तिनं सोपट आणवलेलं असे. ते भिजवून त्याच्या चिरट्या काढायच्या. ओलं सोपट मऊ असतं, फुलाचा देठ कापत नाही. आंब्याचं पान घ्यायचं तेही बेताचं: तांबूस कोवळं पान संध्याकाळपर्यंत मान टाकतं आणि फार जून पान दुमडताना तडकतं. पानं ओल्या फडक्यानं पुसून चार-चार बोटांवर बांधायची, मधे एकेक झेंडू. फुलं कमी असतील तर पानं जास्त. मी अख्खी फांदीच तोडायला निघाले, तेव्हा तिनं हात धरला. "जितलं लागस तितलंच."

दसरा झाल्यावर मी वाळलेलं तोरण टाकून द्यायला निघाले. जिजीनं ते मागून घेतलं, त्यातली फुलं कुस्करून बी सावलीत वाळवलं आणि कागदाच्या पुडीत बांधून मला दिलं. आषाढात वाफ्यात टाकलं की दसऱ्याला फुलं येतात, म्हणाली. बी देशी झेंडूचंच ठेवायचं, कारण संकरित फुलाचं बी पुढच्या साली तसंच फूल देईल याची खात्री नसते. आमच्या दाराशी माती नव्हती. तिनं फुटका रांजण दिला. पुढच्या दसऱ्याला फुलं थोडी आणि लहान होती, पण बाजारात जावं लागलं नाही.

१९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास मी नवापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवू लागले. रोज सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीनं जायचे. नवापूरचं स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकडे भाताची शेती. वर्ग सजवायला शाळेकडे पैसे नव्हते, आणि नवखी बाई म्हणून पोरांशी काय बोलावं हेही मला उमगत नव्हतं. तेव्हा जिजीचंच वाक्य कामी आलं. पोरांना विचारलं, आपल्याकडे काय काय आहे? उत्तरादाखल त्यांनी भाताच्या लोंब्या आणल्या, आणि लोंबी दाणे गळण्याआधी, पिवळी पडू लागली की कापायची आणि उलटी टांगून सावलीत वाळवायची, हे त्यांनीच मला शिकवलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं.

नवापूर भागात ख्रिस्ती आदिवासी घरं बरीच आहेत. नाताळ जवळ आला तेव्हा काही मुलांना दारावर लावायला गोल चक्र हवं होतं. बांबूकाम करणाऱ्या एका कोटवालिया कारागिरानं उरलेल्या कामट्या दिल्या. कामटी पाण्यात भिजवून वाकवली, टोकं सुतळीनं बांधली, त्यावर पेंढा गुंडाळला आणि लोंब्या एकाच दिशेनं, आधीच्या बांध्यावर पुढची झाकत जाईल अशा बांधल्या. शेवटी करंजाची हिरवी पानं खोचली. खर्च फक्त सुतळीचा. विलायतेत सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांची चक्रं करतात, असं मी वाचलं होतं. आमच्याकडे भात होता. सण उलटल्यावर लोंब्या वळचणीला टांगल्या, चिमण्यांनी दाणे खाल्ले, कामट्या पुढच्या सालासाठी जपून ठेवल्या.

जिजी शाळेत कधी आली नाही. मी हे सारं तिला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "सुतळी कितलानी?" तिच्या लेखी तेवढाच भाग शिकायचा राहिला होता. पुढच्या वर्षी आम्ही तीही भेंडीच्या झाडाच्या सालीच्या दोऱ्यानं भागवली.

पुढे जिजी लेकीकडे गेली आणि तिथेच वारली. तिचा निरोप घ्यायला मला जमलं नाही. घेतला असता तरी काय दिलं असतं, सांगता येत नाही. तिनं माझ्याकडून कधी काही घेतलंच नव्हतं. माझ्या पगाराचा, पुस्तकांचा, वर्गातल्या पोरांशी जुळलेल्या नात्याचा धागा मागे तिच्या ओसरीवर जातो, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

आता शेजारच्या मुली झेंडूचं बी मागायला येतात. मी पुडी देते, कसं ओवायचं ते दाखवते, आणि एकच अट घालते: दसऱ्यानंतर बी काढायचं आणि अर्धं दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. जिजीची पुडी मला मिळाली तेव्हा तिच्यासोबत अशी अट नव्हती. तिला सांगायची गरज वाटली नसावी. मला सांगावी लागते.