काळ्यावरचं पांढरं

जालन्याहून भोकरदनकडे जाताना केदारखेडा लागतं, पूर्णेच्या काठचं. दिवाळीच्या सुमारास इथल्या पऱ्हाटीची बोंडं फुटतात, आणि परतीचा पाऊस पिऊन काळ्याभोर झालेल्या रानावर कापूस असा उजळतो की नजर हलत नाही. तोच कापूस वेचून घरी आणा, चुना दिलेल्या भिंतीशी त्याची गंजी घाला; तो पिवळसर, मळका वाटू लागतो. कापूस बदललेला नसतो, शेजार बदललेला असतो.

डोळ्याची रीतच तशी. तो उजेड मोजत नाही, दोन उजेडांमधला फरक टिपतो. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत तक्रार होती, की काळा रंग फिका पडतो. तिथले रंगप्रमुख शेव्रल यांनी शोध घेतला, तर काळ्यात खोट नव्हतीच. शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला उतरवत होते. याच शेजाराच्या नियमांवर त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथ लिहिला.

आमच्या बायकांना ते ग्रंथावाचून ठाऊक होतं. संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवायची आणि वर हलव्याचे दागिने घालायचे. मंद आचेवर तासन्‌तास बसून साखरेला आणलेला तो काटा काळ्यावरच उठून दिसतो. पिवळ्या शालूवर त्या मेहनतीचं चीज झालं नसतं. थंडीत काळा रंग ऊब धरतो, हे कारण सगळे सांगतात. मला हलव्याचं कारण अधिक पटतं.

पण फरक दिसणं ही नुसती हौस नव्हे. मोतीबिंदू पिकू लागला की रंगांतले बारीक फरक विझत जातात. दवाखान्यातल्या तक्त्यावरची ठसठशीत काळी अक्षरं आजी वाचते, आणि घरी राखाडी शहाबादी पायऱ्या उतरताना तिचा पाय चुकतो. एक पायरी कुठे संपली हेच तिला दिसत नाही. पेली आणि रॉब्सन या दृष्टिसंशोधकांनी १९८८ मध्ये फरकाची ही नजर तपासायला निराळा तक्ता केला. त्यातली अक्षरं सगळी एकाच आकाराची, फक्त फिकट होत जाणारी.

म्हणून एक कळकळीची विनंती. देवळाच्या, शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळा पट्टा ओढा. फरशी फिकी असेल तर गडद रंगाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पांढऱ्या ताटलीत भात वाढू नका. पट्ट्यांना ऑइलपेंटचा एक लहान डबा पुरतो, आणि ते काम या दिवाळीआधी होऊ शकतं.