नाटकाचे बोलावणे

हजेरीपुस्तकावरून ऋतू ओळखता येतो, असे म्हटल्यास शहरातील शिक्षकास नवल वाटेल. परंतु आम्हा झाडीपट्टीतील शिक्षकांचा तो नित्याचा अनुभव आहे. पावसाळ्यात धानाच्या रोवणीकरिता मुले गैरहजर राहतात, पुढे कापणीकरिता राहतात. आणि भाऊबीज उलटली की होळीपर्यंत एखाद्या सकाळी चार-दोन बाके अकस्मात रिकामी दिसतात. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले असते : "सर, गावात नाटक होते."

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या धानाच्या मुलखात नाटकांचा हा हंगाम पिकाइतकाच नियमाने येतो. गावातील तरुण मंडळी एकत्र जमून मंडळ उभारतात, वर्गणी गोळा करतात, वडशास जाऊन तेथील एखाद्या नाट्यसंस्थेशी तारीख ठरवितात आणि मंडप घालून तिकिटे विकतात. खर्च वजा जाता काही उरल्यास ते गावच्या कामी लागते. दिवसा शंकरपट व रात्री नाटक, अशी जुनी जोडी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पट बंद झाले, ते डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाले. परंतु मधल्या काळात बैल गोठ्यात राहिले तरी नाटक चालूच राहिले. नाटकाच्या दिवशी प्रत्येक घर पाहुण्यांनी भरते. सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि पुष्कळशा सोयरिकीही त्याच गर्दीत जुळतात.

हे सर्व मला ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि समजणे निराळे. माझ्या वडिलांच्या घरी रात्रीचे नाटक म्हणजे वाया गेलेली रात्र, अशी समजूत होती व तीच मी पुढे चालविली. काही वर्षांपूर्वी मजकडे वसतिगृहाची देखरेख असता, जानेवारी महिन्यात नववीतील एका विद्यार्थ्याचे वडील सायकलीवरून आले. ते वैनगंगेकाठच्या एका खेड्यातील शेतकरी. दारात चपला काढून ते म्हणाले, "गुरुजी, पोराले दोन दिवस सुट्टी द्या जी. गावात नाटक हाये. त्याच्या आज्याचा सत्कार हाये."

चाचणी परीक्षा आठवड्यावर आली होती. मी नियम सांगितला. ते गृहस्थ वाद घालणारे नव्हते. "तुमी म्हणाल तसं," एवढेच बोलून त्यांनी मुलाच्या हाती मुरमुऱ्यांची पुरचुंडी दिली व ते परत गेले. मुलगाही काही बोलला नाही. त्या रात्री बाहेर फेरी मारताना मला तो खिडकीशी पुस्तक उघडून बसलेला दिसला, आणि आपल्या शिस्तीचा मला अभिमान वाटला, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढे कळले ते असे. गावात बाहेरची मंडळी आणण्याची ऐपत नव्हती, तेव्हा हा आजोबा गावच्या दंडारीत नाचत असे, आणि पुढे गावकऱ्यांच्याच नाटकात लुगडे नेसून स्त्रीभूमिका करीत असे. लिहिता-वाचता येत नसताना इतरांकडून वाचून घेऊन त्याने संपूर्ण नाटके मुखोद्गत केली होती. मंडळाने त्या रात्री शाल व श्रीफळ देऊन त्याचा गौरव केला. रंगमंचावर उभे राहून त्याने प्रथम हेच विचारले, की नातू आला काय? त्यानंतरच्या पावसाळ्यात, धानाचे परे लावून होण्यापूर्वी, तो वारला.

मुलाने मला दोष दिला नाही. त्याने दिला असता तर बरे झाले असते.

पुढील हंगामात मी आपण होऊन त्या गावी गेलो. त्या घराने माझी पाहुण्याप्रमाणे व्यवस्था केली. मागील वर्षीचा उल्लेखही कोणी केला नाही. दहा वाजून गेल्यावर पडदा उघडला. रंगमंचापुढे वादक बसले होते. त्यांच्यामागे जमिनीवर पोरे, बाया, म्हातारे पांघरुणे लपेटून दाटीने बसले होते. विनोदी पात्राच्या तोंडी आमची झाडीबोली आली, तोच सारा मंडप हसला. जी बोली मी निबंधांतून तांबड्या शाईने खोडीत असे, ती तेथे मानाने नांदत होती. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर आयुष्य वेचले, व २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दिल्लीस जे दिसले, ते वसतिगृहाच्या खिडकीखालून जाणाऱ्या मला दिसले नव्हते.

फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचले आणि रेव्हरंड टिळकांनी कीर्तनाचा अंगीकार केला, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. आपल्या प्रभूने काना गावच्या लग्नाचे आमंत्रण नाकारले नाही, हेही मुलांना अनेकदा सांगितले. परंतु एक शेतकरी माझ्या दारी आमंत्रण घेऊन आला, तेव्हा मला त्यात केवळ सुट्टीचा अर्ज दिसला.

पालकहो, नाटकापायी अभ्यास बुडू द्यावा असे माझे म्हणणे नाही. हंगाम साडेतीन-चार महिन्यांचा असतो, आणि गावोगाव रात्री जागविणारा विद्यार्थी परीक्षेत झोपी जातो, हे मी पाहिले आहे. परंतु आपल्या स्वतःच्या गावचे नाटक वर्षातून बहुधा एकदाच येते. त्या रात्री मुलाने आपल्या माणसांत असावे. मागे राहिलेला धडा मी रविवारी प्रार्थनेनंतर शिकवीन. आणि विद्यार्थ्यांनो, जाताना सुट्टी मागून जा. ती नाकारण्यापूर्वी घरी काय कार्य आहे, हे मी आता विचारून घेतो.

त्या रात्री नाटक संपले तेव्हा पूर्वेकडे उजाडू लागले होते. माझा विद्यार्थी शेजारीच बसला होता. त्याच्या खांद्यावर आजोबाची सत्काराची शाल होती. तो म्हणाला, "सर, थंडी वाजत असेल," आणि तिचे अर्धे टोक त्याने माझ्या अंगावर घातले.