मोतिया की फिकट निळा?

गरिबाच्या घरात रंगाचा विचार सर्वांत शेवटी होतो. आधी पाया, मग विटा, मग स्लॅब, मग दारे-खिडक्या. रंगापर्यंत येईस्तोवर हातातले पैसे संपलेले असतात आणि घरातली माणसे थकलेली असतात. मग दुकानदार देईल तो डबा आणायचा आणि भिंतींना फासून मोकळे व्हायचे, असेच बहुतेक ठिकाणी होते. पण भिंत म्हणजे काही लुगडे नव्हे, की आवडले नाही तर पेटीत टाकावे. आपल्यासारख्यांच्या घरात एकदा दिलेला रंग दहा-बारा वर्षे तसाच राहतो. त्या रंगात म्हातारी माणसे दिवस काढतात, मुले अभ्यास करतात. म्हणून पारोळ्याच्या आमच्या घरात दोन फिकट रंगांपैकी एक निवडताना आम्ही काय काय पाहिले, ते इथे लिहिते आहे. भगिनींना त्याचा उपयोग होईल.

सासूबाईंच्या तरुणपणी खानदेशात घर म्हणजे धाब्याचे घर. जाड मातीच्या भिंती, वर मातीचेच धाबे. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा, हाच रंग. पुढे विटांच्या भिंती आल्या आणि चुना आला. भट्टीत भाजलेल्या चुनखडीवर पाणी ओतले की ती फसफसते, चटका बसेल इतकी तापते. ती निवली की त्यात थोडा डिंक आणि पांढरेपणा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ टाकायची आणि कुंच्याने भिंत रंगवायची. भिंतीवरचा हा चुना हवेतला कार्बन वायू घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. १४ एप्रिलच्या जयंतीआधी वस्तीतल्या सगळ्या घरांना चुना लागायचा. तेव्हा रंगाचा प्रश्न नव्हता. पांढरा हाच रंग आणि तो सर्वांना सारखा.

आमचे आताचे दोन खोल्यांचे पक्के घर रमाई आवास योजनेतून उभे राहिले. आमच्या घरचे स्वतः गवंडी आहेत. आयुष्यभर लोकांच्या भिंतींना प्लास्टर केले, आता पहिल्यांदा स्वतःच्या भिंतीला केले. योजनेचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे मिळतात. रंगाचा खर्च आमच्या खिशातून होता. दोन खोल्यांना दोन रंग घेतले तर लहान डबे घ्यावे लागतात आणि ते लिटरमागे महाग पडतात. म्हणून एकच मोठी बादली घ्यायची आणि एकच रंग, असे ठरले. कोणता, यावरून मात्र घरात दोन तट पडले.

यांना फिकट निळा हवा होता. "निळा आपला रंग आहे, आपल्या घरात नाही तर कुठे द्यायचा?" हे त्यांचे म्हणणे. मुलगी बारावीला आहे. तिला मोतिया हवा होता. ती म्हणाली, "पप्पा, आपल्या पंचशील ध्वजात निळ्याच्या शेजारी पिवळाही आहे. तो काय परका आहे?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकला, त्यात निळ्यानंतर पिवळाच पट्टा येतो. म्हणजे मान-अपमानाचा प्रश्न मिटला. आता रंग भिंतीवर कसा वागतो तेवढेच पाहायचे राहिले.

दुकानातल्या कार्डावर बोटभर तुकडा पाहून रंग ठरवू नये. चार भिंतींवर गेला की तोच रंग जास्त गडद वाटतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग पाडतात. आम्ही दोन्ही रंगांचे लहान डबे आणले आणि खिडकीच्या भिंतीवर व तिच्या समोरच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले. दोन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री ते पाहिले. सकाळी दोन्ही चांगले दिसत. दुपारी शेजारच्या विटांच्या भिंतीवरून तांबूस उजेड आत येई, तेव्हा मोतिया गव्हाळ होई आणि निळा मळकट. रात्री खरा फरक कळला. आमच्या खोलीत एकच पांढरा एलईडी बल्ब. त्याच्या उजेडात निळा कोपऱ्यात राखाडी पडला.

त्याला कारण आहे. पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी शंभरातले साधारण ८० भाग परत फेकते. मोतिया त्याच्या जवळपास जातो. निळा फिकट असला तरी कमी फेकतो. ज्या घरात प्रत्येक कोपऱ्याला दिवा आहे तिथे हा फरक जाणवत नाही. एका बल्बखाली जिथे मुलगी वही लिहिते, आई भाकरी करते आणि म्हातारी औषधाची गोळी शोधते, तिथे तो डोळ्यांना जाणवतो.

म्हातारीवरून सांगते. सासूबाईंच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. त्या निळ्या चौकोनासमोर उभ्या राहिल्या, एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा झाकला आणि म्हणाल्या, "हाई भीत या डोयाले येगयी अन् त्या डोयाले येगयी दिसस." आम्ही आधी हसलो. पण त्या खरेच सांगत होत्या. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि निळा उजेड अडवते. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला निळा स्वच्छ दिसतो, दुसऱ्याला तोच मातकट. फ्रान्सचे प्रसिद्ध चित्रकार क्लोद मोने यांच्या एका डोळ्याचे असेच ऑपरेशन १९२३ साली झाले होते, तेव्हा त्यांनाही रंग बदललेले दिसू लागले होते. मोतिया मात्र सासूबाईंना दोन्ही डोळ्यांनी जवळपास सारखा दिसला.

यांचे मन वळले ते वेगळ्याच गोष्टीने. त्यांनी बाबासाहेबांची तसबीर आधी निळ्या चौकोनावर धरली, मग मोतियावर. निळ्यावर कोटाचा निळा रंग भिंतीत मिसळून गेला. मोतियावर तसबीर लांबूनही उठून दिसली. ते काही बोलले नाहीत, तसबीर खाली ठेवली आणि म्हणाले, "मोतियाच आणू."

पण निळाही घराबाहेर गेला नाही. ज्यांची नजर कमी आहे त्यांना सगळे एकाच फिकट रंगाचे असले की दाराची कड आणि बटणांची पाटी दिसत नाही. म्हणून दारांच्या चौकटींना निळा ऑइलपेंट दिला आणि बटणांच्या पाटीभोवती बोटभर निळी पट्टी ओढली. आता सासूबाई रात्री चाचपडत नाहीत.

ज्यांचे घर होऊ घातले आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. नव्या प्लास्टरला पाणी मारून झाल्यावर ते पुरते वाळू द्यावे; ओल्या भिंतीवर रंग दिला तर क्षार बाहेर येऊन पापुद्रे सुटतात. माप आधीच काढावे. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली असेल तर चारही भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा जाता ४०० धरावेत आणि डब्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. रंग एकदमच मिसळून घ्यावा. पुन्हा आणलेला डबा थोडा वेगळा निघू शकतो. आणि डब्यावर शिशाविषयी काय छापले आहे ते वाचावे. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात लागू आहे. जुना ऑइलपेंट खरवडताना मुलांना दूर ठेवावे आणि तोंडाला फडके बांधावे. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते.

एक गैरसमजही दूर करावा. आतला रंग फिकट दिला म्हणून खोली थंड होत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ऊन वरून येते. त्यासाठी गच्चीवर पांढरा चुना मारावा. उन्हाचा ताप तिथूनच परतला तर खाली बरे वाटते. आतला रंग उजेडासाठी असतो.

घराच्या रंगात पाहुण्याला काय आवडेल हे शेवटी पाहावे. आधी पाहावे, त्या घरात सर्वांत कमी कोणाला दिसते आणि सर्वांत जास्त कोणाला वाचायचे आहे. त्या दोघांना जो रंग सोयीचा, तोच घराला शोभतो.