कोणत्या कपाटात?

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) कुठे लावायचं? दशांश वर्गीकरणाने ते मराठी साहित्यात, ८९१.४६ खाली जाऊ शकतं. चरित्रांत बसतं. ३०५ खाली, समाजगटांच्या अभ्यासातही त्याला जागा निघते. तिन्ही जागा नियमाला धरूनच. पण कण्यावर चिठ्ठी एकच चिकटते.

समाजशास्त्रात गेलं की ‘बलुतं’ पुरावा होतं. दगडू मारुती पवारने आपली कहाणी दया पवारांनाच सांगावी, ही त्यातली विलक्षण रचना मग कोण बघणार? सदाशिव पेठेतल्या लेखकाचं आत्मचरित्र ‘जातसमूह’ म्हणून लावावं, असं मात्र कुणाच्या मनातही येत नाही. ग्रंथपालाची तटस्थता मला इथे तपासावीशी वाटते. तिथे आकस नसतो, सवय असते.

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर यांनी १९३० पासून कृष्णवर्णीयांविषयीचा ग्रंथसंग्रह उभा केला. त्या काळी अनेक ग्रंथालयं कृष्णवर्णीयांची पुस्तकं ३२५ म्हणजे वसाहत आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी या दोनच आकड्यांत कोंबत. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या कवितासुद्धा! पोर्टरबाईंनी ते नाकारलं आणि कविता कवितेत, इतिहास इतिहासात नेला.

मुळात या दशांश वर्गीकरणाची मेल्विल ड्यूईने केलेली १८७६ची मांडणीच कलती. धर्माच्या शंभर आकड्यांत २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला, उरलेलं सगळं जग २९० मध्ये. ड्यूई काही निर्मळ मनाचा नव्हता. त्याच्या क्लबात ज्यूंना प्रवेश नसे. तरी हा कल केवळ त्याच्या स्वभावातून आला असं मला वाटत नाही. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयासाठी त्याने ही पद्धत बसवली, आणि तिथल्या फळ्यांवर जे दाटीने होतं त्याला ऐसपैस जागा मिळाली. इंग्रजी साहित्य ८२० वर, मराठी दशांश चिन्हापलीकडे, तेही त्याच हिशेबाने.

आता संगणकातल्या तालिकेत एका पुस्तकाला चार विषय देता येतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण आपल्या गावोगावच्या वाचनालयांत तालिका उघडतो कोण? वाचक सरळ कपाटापाशी जातो.

म्हणून ‘बलुतं’ मी साहित्यात लावेन आणि ३०५ची नोंद तालिकेत करेन. याला कुणी पक्षपात म्हटलं तरी चालेल. समाजशास्त्राचा विद्यार्थी शोधत शोधत ८९१.४६ पर्यंत येतोच. कथा-कादंबऱ्या चाळणारा वाचक ३०५कडे सहसा फिरकत नाही.