अब्बांचं मीटर

आमच्या मोहल्ल्यात घराआड एक मिस्त्री. कुणी पंक्चर काढणारा, कुणी डेंटिंगवाला. अब्बा गाड्यांची वायरिंग करायचे. शिक्षण चौथीपर्यंत, ओहमचं नाव त्यांनी कधी ऐकलं नसावं, पण त्याचा नियम हातात मुरलेला.

गाडीत मोठा अॅम्प्लिफायर बसवायची हौस पोरांत आली, तेव्हाची गोष्ट. "चाचा, ढोल वाजला की हेडलाइट मंद होते. नवी बॅटरी टाकू?" अब्बा आधी मीटर काढत. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू असताना 13.8 ते 14.4. मग आवाज वाढवायला सांगून ते बॅटरीवर मोजत आणि लगेच अॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर. दोन्हीकडे काटा सारखाच खाली आला तर अल्टरनेटर कमी पडतोय. बॅटरीवर 13.8 आणि इथं 11.8 असेल तर दोष वाटेत: बारीक वायर, सैल लग किंवा रंग न खरवडता आवळलेली अर्थिंग. "नई बॅटरी कायकू? पैसे बचा," म्हणत ते वायर बदलून देत.

हे दोन व्होल्ट नुसते हरवत नाहीत. 50 अँपिअर वाहत असतील तर 100 वॅटची उष्णता त्या वाटेतच होते. सैल सांध्यावर ती एकवटली की इन्सुलेशन वितळतं.

एका गिऱ्हाइकाचा फ्यूज सारखा उडायचा. "काढून टाका, डायरेक्ट करा," म्हणाला. अब्बांनी नकार दिला. बॅटरीजवळचा तो फ्यूज वायरीची राखण करतो, हे ते त्याला परोपरीनं सांगत होते. तो गेला आणि त्याच्या दोस्तांची कामंही गेली. त्या महिन्यात घरात ओढाताण होती. अम्मी म्हणाली, "करून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" अब्बा एवढंच बोलले, "उसके बच्चे बैठते गाडी में."

आता डॅशबोर्डवर लावायचं डिजिटल व्होल्टमीटर स्वस्तात मिळतं. पण ठोक्यासरशी क्षणभर पडणारं व्होल्टेज त्यातल्या कित्येकांना पकडता येत नाही. त्यासाठी सर्वांत कमी आकडा धरून ठेवणारं मीटर लागतं. मी विज्ञान शिकवतो. ओहमचा धडा आला की अब्बांचं हे मोजमाप फळ्यावर मांडतो आणि ते कुणाचं, हेही सांगतो. कुणी शिक्षण विचारलं की अब्बा मान खाली घालायचे. वर्गात गॅरेजवाल्यांची दोन-चार पोरं असतातच. त्यांच्या बापांनी तसं करू नये, असं मला वाटतं.